इमेज बनते, पण सीडी चालत नाही: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

अंबाजोगाईत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर, दोन डीव्हीडी रायटरसकट, मी मुद्दाम जिवंत ठेवलाय. नव्या लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नसतो, म्हणून आठवड्याला दोन-चार जण डिस्क घेऊन येतातच. कुणाची लग्नाची व्हीसीडी, कुणाची सप्ताहातल्या कीर्तनाची ऑडिओ सीडी, कुणाची सीटी स्कॅनची, तर कुणाला वकिलांनी दोन प्रती करून आणायला सांगितलेलं. बहुतेकांनी घरी एक-दोनदा हात मारून बघितलेला असतो. "इमेज तर बनली म्हणलं मशीननं, पण सीडीच चालंना गेलीय," हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा बोलायच्या आधीच मी ट्रे उघडतो.

बिघाड दर वेळी तेच ते असतात. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि वेळखाऊ नंतर, अशा क्रमाने लिहितो. क्रम सोडू नका. निम्म्याहून जास्त लोकांचं काम पहिल्या दोन तपासण्यांतच होतं, आणि तोवर त्यांनी चार कोऱ्या सीडी वाया घालवलेल्या असतात.

लक्षणं

तुमचं यातलं कोणतं, ते बघा:

- नवी सीडी लावली की आत एकच मोठी फाइल दिसते. फोल्डर नाही, फोटो नाहीत, काही नाही.
- आयएसओ (डिस्कच्या इमेजचा सगळ्यात प्रचलित फाइल-प्रकार) म्हणून आलेली फाइल उघडतच नाही, किंवा तिच्या नावाच्या शेवटी एनआरजी, बिन, एमडीएफ असं काहीतरी निघतं.
- ऑडिओ सीडीवरून घेतलेल्या "गाण्यांच्या" फाइली प्रत्येकी १ केबीच्या निघतात.
- व्हीसीडी कॉपी केली, कॉम्प्युटरवर चित्र दिसतं, पण नवी सीडी घरच्या प्लेअरला लागत नाही.
- डीव्हीडीची इमेज पेनड्राइव्हवर जात नाही. पेनड्राइव्ह रिकामा असूनही "फाइल फार मोठी आहे" असा निरोप येतो.
- इमेज बनता बनता ९९ टक्क्यांवर रीड एरर येते.
- इमेज मधेच अडते, ड्राइव्ह घरघरतो, पुन्हा धावतो, पुन्हा अडतो.
- फाइलींची मराठी नावं जाऊन नुसत्या रेघा किंवा प्रश्नचिन्हं उरतात.

शेवटून दुसरं लक्षण तेवढं डिस्कच्या तब्येतीचं. बाकीची जवळजवळ सगळी समजुतीच्या घोटाळ्याची.

घोटाळा कुठे होतो

दासोपंतांची पासोडी आमच्या अंबाजोगाईचीच. लांबलचक कापडावर मजकूर आणि आकृत्या. समजा, तिची नक्कल हवी आहे. एक जण येतो आणि त्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेतो. मजकूर मिळाला, पण कोणती ओळ कापडावर कुठे होती, मधे कोरी जागा किती होती, आकृती कशाशेजारी होती, ते गेलं. दुसरा येतो आणि त्याच मापाच्या कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोऱ्या जागेसकट, जसंच्या तसं उतरवतो. पहिल्याने केली ती कॉपी. दुसऱ्याने केली ती इमेज.

सीडीवरचा मजकूर सेक्टरमध्ये असतो, आणि हे सेक्टर आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेर जाणाऱ्या एकाच गोल गोल फिरणाऱ्या रेघेवर ओळीने बसलेले असतात. इमेज म्हणजे त्या सेक्टरांची पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग नक्कल, एका फाइलीत भरलेली. फाइलींची यादी, फोल्डरांची रचना, सीडीचं नाव, सगळं त्यात आलं. म्हणून इमेज सीडीवर "टाकायची" नसते, तिच्यावरून सीडी "उठवायची", म्हणजे रायटरच्या लेझरने "जाळायची" असते. टाकली, तर पासोडीची घडी पिशवीत घालून दिल्यासारखं होतं. पहिलं लक्षण नेमकं हेच.

तपासणी १: फाइलीचं खरं आडनाव

विंडोज नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं. फोल्डर उघडा, वरच्या व्ह्यू मेनूत जा आणि "फाइल नेम एक्स्टेन्शन्स"वर खूण करा. दहा सेकंदांचं काम. मग फाइल खरंच आयएसओ आहे की नुसतं नाव तसं दिलंय, ते दिसतं. "कीर्तन.आयएसओ.एनआरजी" असल्या जोडनावाच्या फाइली मी पाहिल्यात.

एनआरजी हा नीरो सॉफ्टवेअरचा प्रकार, एमडीएफ आणि एमडीएस ही अल्कोहोलची जोडी, सीसीडी-आयएमजी-सब हे क्लोनसीडीचं त्रिकूट. आडनाव बदलून टाकलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. आयएसओत डिस्कची ओळख सोळाव्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर ३२,७६८ बाइट सोडून पुढे लिहिलेली असते. नीरोच्या फाइलीत कुंडली शेपटाकडे असते. वाचणारं सॉफ्टवेअर ठरलेल्या जागी बघतं, तिथे काही सापडलं नाही की "ही इमेजच नाही" म्हणतं. अशा फाइली ज्या सॉफ्टवेअरच्या आहेत त्यातच उघडा, किंवा इमेजबर्नसारखं बरेच प्रकार वाचणारं सॉफ्टवेअर वापरा.

तपासणी २: जाळण्याआधी उघडून बघा

विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर दोनदा क्लिक केलं की ती खोट्या ड्राइव्हमध्ये बसते. माय कॉम्प्युटरमध्ये (आता त्याचं नाव "धिस पीसी") एक जास्तीचा सीडी ड्राइव्ह दिसू लागतो. त्यात फोल्डर उघडले, दोन-तीन फाइली चालल्या, तर इमेज ठीक आहे आणि दोष जाळण्यात आहे. उघडलंच नाही, तर दोष इमेजमध्ये आहे आणि कोरी सीडी ट्रेमध्ये ठेवायचंही कारण नाही. सगळ्या तपासण्यांत मला हीच सगळ्यात मोलाची वाटते, कारण हिच्यामुळे शोधायची जागा निम्मी होते.

इमेज ठीक असेल, तर तिच्यावर उजवं क्लिक करून "बर्न डिस्क इमेज" निवडा. ही सोय विंडोज ७ पासून आहे. विंडोज ११ मध्ये ती "शो मोअर ऑप्शन्स"च्या आत लपलीय. आणि विनरार टाकलेलं असेल तर ती गायबच झालेली असते, कारण आयएसओ फाइल विनरारने स्वतःच्या ताब्यात घेतलेली असते. मग "ओपन विथ"मधून "विंडोज डिस्क इमेज बर्नर" निवडायचं. विनरारने आयएसओ सोडवून निघालेले फोल्डर सीडीवर टाकणं म्हणजे पुन्हा ओव्या वहीत उतरवणंच. फोटोंना चालतं, बूट होणाऱ्या, म्हणजे जिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो अशा, विंडोजच्या डीव्हीडीला चालत नाही. तिच्यातला बूटचा भाग फोल्डरांच्या यादीत दिसतच नाही, मग कॉपी होणार कुठून?

सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या सीडीचंही असंच. तिच्या अगदी पहिल्या पायरीवर, कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे, डायकॉमडिर नावाची फाइल असते. आतल्या सगळ्या चित्रांची यादी तिच्यात. लोक आधी "बाबांचा स्कॅन" नावाचं फोल्डर करतात आणि त्यात सगळं कॉपी करतात. लातूरच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर मग काहीच उघडत नाही, आणि पेशंटला घेऊन आलेला माणूस हेलपाटा पडला म्हणून आम्हाला बोल लावतो. अशा डिस्कची सरळ आयएसओ करा आणि आयएसओवरूनच दुसरी उठवा.

तपासणी ३: आकार, शेवटच्या बाइटपर्यंत

फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा पूर्ण आकडा असतो. एमबीचा नको, तोच घ्या आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर २,०४८ ने भागा. आयएसओ धड असेल तर भाग पूर्ण जातो. दशांश उरले तर फाइल अर्धवट आली आहे. बहुतेक वेळा डाउनलोड होताना मधेच लाइट गेलेली असते. २,०४८ ने गेला नाही पण २,३५२ ने गेला, तर ती आयएसओ नावाखाली लपलेली बिन आहे. असं का, ते पुढच्या तपासणीत.

८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर असतात. २,०४८ ने गुणा: ७३,७२,८०,००० बाइट. सीडीच्या डबीवरचे ७०० एमबी ते हेच. इमेज यापेक्षा मोठी असेल तर ती सीडीची नाही, डीव्हीडी लागेल.

डीव्हीडीतही एक बारीक खोच आहे. उणे आर (डबीवर DVD-R) डिस्कवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट बसतात, अधिक आर (DVD+R) डिस्कवर ४,७०,०३,७२,९९२. म्हणजे काठोकाठ भरलेल्या उणे आर डिस्कची इमेज अधिक आरवर जेमतेम सात एमबीने अडते. आणि डबीवरचे ४.७ जीबी विंडोजमध्ये ४.३८ दिसतात, तेव्हा दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराने भागते, विंडोज १,०२४ ने.

पेनड्राइव्हवर न जाणारी इमेज: बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यात एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. भरलेल्या डीव्हीडीची इमेज त्याच्या थोडीशी वरच जाते. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यावरचं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा. हे वाक्य मी रोज म्हणतो आणि तरी कुणीतरी विसरतंच.

इमेज नेटवरून घेतली असेल आणि देणाऱ्याने एसएचए२५६ चा आकडा (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, यालाच हॅश म्हणतात) दिला असेल, तर तो जुळवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे. तिला हॅशफाइल हा पर्याय, फाइलीचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं द्यायचं. एक अक्षर जरी वेगळं निघालं, तर फाइल पुन्हा उतरवा. आकार बरोबर असूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो, ते फक्त इथेच पकडता येतं.

तपासणी ४: डिस्क कोणत्या जातीची?

इथे मी जरा थांबतो, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त रडारड इथलीच आहे.

सीडीचा एक सेक्टर खरं तर २,३५२ बाइटचा. डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइटच तुमच्या कामाचे. उरलेल्यांत १२ सेक्टरची सुरुवात ओळखायला, ४ पत्ता लिहायला, ४ चूक पकडायला, ८ रिकामे आणि २७६ चूक दुरुस्त करायला. बेरीज करून बघा, जमते. आयएसओ फाइल फक्त ते २,०४८ घेते. बाकीचा काठ नवी सीडी जाळताना रायटर नव्याने विणतो, म्हणून डेटा सीडीला आयएसओ पुरते.

ऑडिओ सीडीला मात्र काठच नाही. तिथे २,३५२ च्या २,३५२ बाइट आवाजाचेच. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनेल, प्रत्येक नमुन्याला दोन बाइट, म्हणजे १,७६,४०० बाइट. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणून सेक्टरला बरोबर २,३५२. त्यावर फाइली नसतात, फोल्डर नसतात. विंडोज जे ट्रॅक०१.सीडीए वगैरे दाखवतं, त्या ४४ बाइटच्या पाट्या आहेत: अमुक गाणं इथून सुरू, इतकं लांब. परळीच्या एका मावशींनी मुलाकडून भजनांची सीडी पेनड्राइव्हवर घेतली होती. चौदा गाणी, सगळी मिळून एक केबीसुद्धा भरत नव्हती. "सगळी आलीत की ओ, नावं दिसायलीत," असं त्या ठासून सांगत होत्या. नावंच आली होती, गाणी सीडीतच राहिली होती.

म्हणून ऑडिओ सीडीची इमेज नेहमी बिन आणि क्यू अशा जोडीत करायची. बिनमध्ये काठासकट सगळा माल, क्यूमध्ये कोणता ट्रॅक कुठून सुरू होतो त्याची चिठ्ठी. क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, चार ओळींचं साधं लिखाण असतं. पहिल्याच ओळीत बिन फाइलीचं नाव लिहिलेलं असतं, आणि नेमकं तिथेच लोक ठेचकाळतात. इमेज झाली की हौसेने बिनचं नाव बदलून "आईची भजनं" करतात. चिठ्ठीत जुनंच नाव राहतं. मग सॉफ्टवेअर "फाइल सापडत नाही" म्हणतं आणि सीडी खराब झाली अशी बोंब होते. बिनचं नाव बदलायचं तर क्यूच्या पहिल्या ओळीतही तेच लिहा. माझं ऐकाल तर जोडीला हातच लावू नका, बाहेरच्या फोल्डरला हवं ते नाव द्या.

लग्नाची व्हीसीडी ही तिसरी जात. आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात एव्हीएसईक्यू०१.डीएटी अशी फाइल दिसली, की समजा व्हीसीडी. ७०० एमबीच्या सीडीत ८०० एमबीची फाइल कशी मावली, असं एका गुरुजींनी मला विचारलं होतं. प्रश्न अगदी बरोबर होता. चित्राच्या सेक्टरमध्ये दुरुस्तीचे बाइट काढून टाकतात आणि २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट माल भरतात. चित्रात एखादा ठिपका चुकला तरी कुणाचं अडत नाही, हा हिशोब. पण म्हणूनच व्हीसीडी आयएसओत नीट बसत नाही. तिलाही बिन-क्यूच. नुसती डीएटी फाइल कोऱ्या सीडीवर टाकली, तर कॉम्प्युटरला लागेल, घरच्या प्लेअरला नाही. कारण प्लेअर फाइल शोधत नाही, तो तशा सेक्टरांचा ट्रॅक शोधतो.

डीव्हीडीला हा त्रास नाही. व्हिडिओ_टीएस फोल्डर असलेल्या, शूटिंगवाल्याने करून दिलेल्या डीव्हीडीची सरळ आयएसओ होते. विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीला कुलूप असतं. ते तोडायचं काम मी करत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ त्यासाठीच घातलंय.

तपासणी ५: ९९ टक्क्यांवरची एरर

सगळं नीट चाललंय आणि अगदी शेवटी एरर. घाबरू नका, ही एरर बऱ्याचदा खोटी असते. जुन्या काळी डेटा सीडी "ट्रॅक ॲट वन्स" पद्धतीने जाळायचे. त्यात लेझर बंद होताना ट्रॅकच्या शेपटीला दोन सेक्टर असे राहतात की ते मोजणीत येतात पण वाचता येत नाहीत. त्यात तुमचा मजकूर नसतोच. सॉफ्टवेअर मात्र इमानदारीत ते वाचायला जातं आणि आपटतं.

एररमध्ये सेक्टरचा आकडा असतो, तो आणि डिस्कचे एकूण सेक्टर शेजारी लिहा. फरक एक-दोनाचाच असेल, तर इमेजबर्नमध्ये "इग्नोर रीड एरर्स"वर खूण करून पुन्हा इमेज करा आणि ती उघडून शेवटच्या फाइली तपासा. आकडा मधलाच कुठला असेल, तर ती खूण करू नका. तिथे खरा मजकूर आहे, आणि सॉफ्टवेअर त्या जागी शून्यं भरून "यशस्वी" म्हणून मोकळं होईल. फोटो अर्धे करडे दिसतात ते यामुळे. आणि ते कळतं वर्षभराने, मूळ डिस्क फेकून दिल्यावर.

तपासणी ६: पुसणं, आणि पुसू नये असं काही

ड्राइव्ह घरघरत असेल तर आता डिस्क बाहेर काढून उजेडात बघा. बोटांचे ठसे, धूळ, हळदीकुंकवाचा डाग, काहीही असतं. मऊ सुती कापड, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि मधून बाहेर सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल पुसू नका. मजकूर गोल रेघेवर आहे. त्या दिशेने एक ओरखडा गेला तर सलग सेक्टर मरतात. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच खातो आणि तेवढं ड्राइव्ह दुरुस्त करून घेतो. टूथपेस्टचा उपाय करून आणलेल्या सीडी मी बघितल्यात. न केलेल्या बऱ्या होत्या.

चकचकीत बाजूचे ओरखडे लोकांना भिववतात, पण सीडीचा जीव वरच्या, छापलेल्या बाजूला असतो. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे, वर मात्र चंदेरी थरावर नुसता लाखेचा हात. डबीत कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवलेली सीडी, चिठ्ठी ओढली की थरासकट सोलते. डीव्हीडीत थर दोन पत्र्यांच्या मधे असतो, म्हणून ती या बाबतीत कणखर.

तपासणी ७: वेग, पोर्ट, दुसरा ड्राइव्ह

वाचायचा वेग कमी करा, सीडीला ८ किंवा १६ पट पुरे. एकपट म्हणजे सेकंदाला १५० केबी. पूर्ण वेगात डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेते आणि जराशी वाकडी असली तरी लेन्सला ती धरता येत नाही.

बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर तो कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टला आणि स्वस्तातल्या हबला करंट कमी पडतो. ड्राइव्ह फिरायला लागतो, लेझरवर जोर येतो आणि तो बंद पडून पुन्हा चालू होतो. उन्हाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज खाली गेलं की हेच होतं. जाळायचं काम मी इन्व्हर्टर भरलेला असताना, नाहीतर सकाळी करतो.

तरीही अडलं तर दुसरा ड्राइव्ह. शेजाऱ्याचा जुना कॉम्प्युटर, शाळेची लॅब, काहीही चालेल. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. एकाने नाकारलेली डिस्क दुसऱ्याने निमूट वाचली, असं माझ्याकडच्या दोन रायटरमध्येच कितीदा झालंय. ड्राइव्ह खोलून लेन्स पुसायला जाऊ नका. सीडीच्या लेझरचा झोत ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

डिस्क "कोरी" दिसत असेल तर ती फायनलाइझ न केलेली, म्हणजे लिहून झाल्यावर बंद न केलेली, असण्याची शक्यता आहे. छोट्या ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर शूट करणाऱ्या कॅमेऱ्यांत हे नेहमीचं. ज्या कॅमेऱ्याने शूट केलं, त्यातच घालून ती फायनलाइझ करावी लागते. विंडोज "फॉरमॅट करू का?" विचारेल. नाही म्हणा.

तपासणी ८: नवी सीडी प्लेअरला लागत नाही, मराठी नावं जातात

विंडोज जाळताना विचारतं: पेनड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय निवडला तर ती डिस्क बहुतेक जुन्या प्लेअरला समजत नाही. दुसरा निवडा. १६ पट लिहिलेली कोरी डीव्हीडी ८ पटीने जाळा आणि "व्हेरिफाय"ची (जाळलेलं पुन्हा वाचून ताडून बघायची) खूण ठेवा. वेळ दुप्पट लागतो, पण गिऱ्हाईक परत येत नाही.

मराठी नावांचं कारण जुनं आहे. आयएसओ ९६६० हे मानक १९८८ चं. त्याच्या सगळ्यात कडक पातळीत नावाला आठ अक्षरं, आडनावाला तीन, आणि तीही इंग्रजी कॅपिटल, आकडे व खालची रेघ एवढीच. देवनागरीला जागाच नाही. म्हणून फोल्डरावरून इमेज बनवताना जोलिएट किंवा यूडीएफ या देवनागरी नावं चालणाऱ्या पद्धतींवर खूण करा. जोलिएटमध्ये नाव ६४ अक्षरांचं, पण मोजणी आपल्यासारखी नसते. "कीर्तन" आपल्याला तीन अक्षरं. तिथे क, वेलांटी, र, हलन्त, त, न अशी सहा. लांबलचक सप्ताहाचं नाव, गाव, महाराज, तिथी असं सगळं फाइलीच्या नावात कोंबलं की शेपूट तुटणारच. गाडीच्या प्लेअरसाठी करत असाल तर ०१, ०२ असे आकडेच द्या.

तपासणी ९: शेवटचा घरगुती उपाय

डेटा डिस्क आहे, मधेच खरे खराब सेक्टर आहेत, आणि दुसरी प्रत कुठे नाही. मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (विंडोजऐवजी ज्याच्यावरून कॉम्प्युटर सुरू करता येतो) जीएनयू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर चालवा. साधं सॉफ्टवेअर खराब जागेवर डोकं आपटत बसतं. हे आधी सोपं सोपं उचलून घेतं, अवघड जागा शेवटी, आणि कोणते सेक्टर मिळाले, कोणते राहिले याची नोंद मॅप फाइलीत ठेवतं. सेक्टरचा आकार २,०४८ द्यायला विसरू नका.

खरी गंमत त्या नोंदीत आहे. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, तीच इमेज आणि तीच मॅप फाइल द्या. हे फक्त राहिलेले सेक्टर मागतं. केजच्या एका ग्राहकाच्या जमिनीच्या कागदांच्या स्कॅनची सीडी माझ्या पहिल्या रायटरने तीनशेच्या वर सेक्टर सोडून वाचली. दुसऱ्याने त्यातले अकरा सोडून सगळे दिले. ते अकरा एका नकाशाच्या कोपऱ्यात पडले आणि कुणाला दिसलेही नाहीत. रात्रभर चालू द्यावं लागतं. ऑडिओ सीडीला हा उपाय लागू नाही.

इथे थांबा

मधल्या भोकाजवळ तडा असेल, केसाएवढा का होईना, तर डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका. वेगात फिरताना ती आतच फुटते, मग डिस्कही जाते आणि ड्राइव्हही.

चंदेरी थराचे पापुद्रे सुटत असतील, तर प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं जातं. दोन वेगळ्या ड्राइव्हनी डिस्क ओळखलीच नाही, तर तिसऱ्या-चौथ्यात घालत बसू नका. डीडीरेस्क्यूच्या दोन रात्रींनंतर आकडा हलत नसेल, तर तोही पुरे. हे सगळं डेटा रिकव्हरीवाल्याचं काम. संभाजीनगरला किंवा पुण्याला पाठवायच्या आधी तपासणीचे पैसे किती, काही मिळालं नाही तर काय लागतील, हे लिहून घ्या. सीटी स्कॅनची डिस्क असेल तर त्याआधी जिथे स्कॅन केला तिथे दुसरी प्रत मागा. मिळाली तर रिकव्हरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

कोर्टात द्यायची डिस्क असेल तर वर लिहिलेलं काहीही करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलीची हॅश आणि ती कोणत्या पद्धतीने काढली हे लिहावं लागतं. तुम्ही हौसेने मूळ डिस्क उघडली, नवी उठवली, नाव बदललं, की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. सील असेल तर सीलसकट तुमच्या वकिलांकडे द्या आणि इमेज कुणी काढायची ते त्यांना ठरवू द्या. असं कुणी आलं तर मीही हात लावत नाही, चहा पाजून परत पाठवतो.

रिकव्हरीवाल्याकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: कोणत्या ड्राइव्हवर काय झालं, एररचे सेक्टर आकडे, आणि अर्धवट इमेज असेल तर ती मॅप फाइलीसकट. त्याचे दोन दिवस वाचतात. आणि डिस्क कॅरीबॅगमध्ये सुटी नेऊ नका. मधल्या दांड्यावर बसणारी जुनी डबी घरात नसेल तर माझ्याकडून घेऊन जा, पोतंभर पडल्यात.